पोत्यावरचा पाहुणचार

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या पेठेतल्या तालमीनं आपल्याच जागेत बेघरांसाठी निवारा काढला आणि मी त्याचा चिटणीस झालो. एसटी स्टँडच्या आडोशाला राहणाऱ्या एका म्हाताऱ्याला आणायला मी छातीवर बिल्ला लावून सायकलवरून गेलो. माझं भाषण सुरू व्हायच्या आत त्यानं आपलं पोतं झटकून अंथरलं.

"बसा की पावणं. घरला आलेल्याला आमी उभं ठेवत न्हाय."

मी बसलो. त्यानं गूळपाणी दिलं, माझ्या पोरांची चौकशी केली. निवाऱ्याचा विषय राहूनच गेला. उठताना सवयीनं बोलून गेलो, "या एकदा आमच्याकडं."

"येतो की! घर कुठं हाय?"

मी घाबरून तालमीचा पत्ता सांगितला.

दुसऱ्या दिवशी म्हातारा निवाऱ्यात हजर. सगळे सभासद माझी पाठ थोपटत होते. त्यानं कनवटीची गुळाची पुडी काढली आणि इकडंतिकडं बघत विचारलं, "पोरं कुठं हैत तुमची?"