आकडा लगेच आला
तापलेल्या कम्प्युटरवरच्या ओलसर धुळीचा वास आला की मला मुरबाडच्या स्टँडमागचं ते सायबर कॅफे आठवतं, जिथे मी कॉलेज सांभाळून कामाला बसायचे. तिथल्या एका वेबपेजवर बटण दाबलं की दूरच्या सर्व्हरकडून नदीची ताजी पातळी यायची, आणि पावसाळ्यात जीपवाले आम्हाला आकडा विचारल्याशिवाय फरशीवर, म्हणजे नदीवरच्या त्या ठेंगण्या पुलावर, गाडी घालत नसत. एरवी बटण दाबल्यावर पडद्यावरचं चक्र फिरतच राहायचं. त्या संध्याकाळी मात्र आकडा लगेच आला. "आज नेट फास्ट हाय गो ताई! पानी पन कमी हाय," म्हणत एक जीपवाला भरलेली गाडी घेऊन गेला. बाहेर पाऊस कोसळत होता, तरी मलाही बरं वाटलं. सहज पुन्हा बटण दाबलं, तर तोच आकडा, तितक्याच झटकन. मोडेमकडे बघितलं, तर लाइनचा दिवा विझलेला. सर्व्हरकडून काही येतच नव्हतं. पेज कम्प्युटरमध्ये साठून राहिलेला सकाळचाच आकडा पुन्हा पुन्हा दाखवत होतं. जीपवाल्याचा फोन लागेना. मी कॅफेच्या मालकांना मागोमाग पाठवलं; ते मोटरसायकलवरून पोचले तेव्हा फरशी पाण्याखाली गेली होती. जीपची पुढची चाकं पाण्यात होती, आतल्या बायका ओरडत होत्या, आणि जीपवाला त्यांनाच चिडून सांगत होता, "कम्प्युटरवर बघून आलोय मी, पानी नाय!" आता सगळीच उत्तरं झटकन येतात, आणि माझ्या फोनवर तो दिवा कुठे असतो ते मला अजून सापडलेलं नाही.