जावेच्या छातीत दुखतंय

न मागता कुणी मदत करायला लागलं की मी सावध होतो. त्यामुळे शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात नवी आलेली सहकारी जेव्हा म्हणाली, की तुमची तिन्ही साधनं मी एकमेकांशी बोलती करून देते, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो एवढाच, की यात हिचा काय फायदा?

आम्ही आरोग्याची फोनसेवा चालवत होतो. खेड्यातल्या माणसानं आपल्या बोलीत दुखणं सांगायचं. एक साधन ते बोलणं अक्षरांत उतरवणार, दुसरं त्यातून लक्षणं वेचणार, तिसरं बाईच्या आवाजात सल्ला देणार. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी तयार झालेली आणि वाटणी झालेल्या भावांसारखा त्यांच्यात अबोला. पहिल्याच्या लेखी माणूस म्हणजे फोन करणारा, दुसऱ्याच्या लेखी आजारी पडलेला. सुनेनं सासऱ्याच्या गुडघ्याचं विचारलं की सल्ला सुनेच्या गुडघ्याला मिळायचा.

सहकारी यावर ऑन्टॉलॉजी बांधत होती. म्हणजे कशाला काय मानायचं, कुणाचं कुणाशी काय नातं, याचा एकच आराखडा, जो तिन्ही साधनांनी पाळायचा. मला वाटलं, आज आराखडा हिचा, उद्या साधनं हिची, परवा आमच्या खुर्च्याही हिच्याच. मी तिच्या कामावर डोळा ठेवला आणि एका जागी ती सापडलीच. तिनं नियम घातला होता, की फोन करणारी बाई दुसरीचं म्हणून स्वतःचंच दुखणं सांगत असू शकते. हे कुठल्या शास्त्रात बसतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, गारगोटीकडच्या माझ्या सगळ्या आत्या असंच सांगतात. बाईनं स्वतःचं दुखणं काढलं तर घरात ते नखरे वाटतात. आत्यांच्या भरवशावर सॉफ्टवेअर चालत नसतं, असं मी तिला सुनावलं.

साधनं जोडली आणि थोड्याच दिवसांत पडद्यावर लाल खूण आली. एकाच फोनवरून एकच बाई कधी जावेची, कधी शेजारणीची, कधी नणंदेची तक्रार सांगत होती. कुणाची छाती भरून येते, कुणाचा डावा हात जड होतो, कुणाला दम लागतो. वेगवेगळ्या माणसांच्या खात्यावर पडल्यामुळे ही लक्षणं तोवर किरकोळ ठरली होती. आता ती सगळी एकीच्याच अंगावर आली होती आणि सल्ला होता, ताबडतोब डॉक्टरकडे न्या. मला वेगळाच वास आला. आपला नियम खरा ठरवायला हिनंच कुणाला तरी फोन करायला बसवलं असणार. नंबराऐवजी आम्हाला नुसता खात्याचा क्रमांक दिसायचा, पण तपासणीसाठी आवाज ऐकायची मुभा होती. आज हिला उघडी पाडतोच, म्हणून मी हेडफोन लावला.

"आमच्या जावंच्या छातीत दुखतंय बघा," आवाज म्हणाला. "जिना चढून आली की घाम फुटतोय तिला."

तो माझ्या आईचा आवाज होता. तिची जाऊ वारून कैक वर्षं झाली आहेत.

मी तसाच कसबा बावड्याला घरी आलो. आई मेथी निवडत बसली होती. फोनचं विचारलं तर आधी शेजारणीवर ढकलून मोकळी झाली, मग नुसती मेथीचे देठ मोडत राहिली. मला भीती वाटत होती आणि त्या भीतीपोटी मी तिच्यावरच ओरडलो, की पोटचा पोरगा घरात असताना तू यंत्राला काय सांगत बसतेस?

"तुला सांगिटलं की तू आधी डॉक्टरवर संशय घेणार, मग गोळ्यांवर, मग माझ्यावर," ती म्हणाली. "ती फोनातली बाई निस्तं ऐकून घेती की."

मी रिक्षा आणली आणि तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कुणाला होतोय? मी तिच्याकडे पाहिलं. आताही ही दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेईल, असंच मला वाटत होतं.

"मला," ती म्हणाली. "दिवाळीपासनं."

दिवाळीपासून रोज रात्री मी तिच्यासमोर बसून जेवत होतो.