कूलरमधला मासा

पृथ्वीच्या पाठीवर मासा तळणारे, उकडणारे आणि नुसताच हुंगून परत ठेवणारे पुष्कळ असतील. पण नवरीसारखी हळद लावून, धुरी देऊन, वर गुळाचा पाक चढवून माशाची थाटात पाठवणी करणारा माणूस एकच, आणि तो माझ्या बहिणीच्या वाट्याला आला.

ताईच्या स्वयंपाकघरात मासा चालत नाही. त्यामुळे भाऊजींचा सगळा कारभार दारव्ह्याजवळच्या त्यांच्या शेतात, तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. बोरी अरबच्या बाजारातून मासा आणायचा, कापसाची वाळकी पऱ्हाटी पेटवायची, निखारे झाले की वर ओल्या लाकडाचे ढलपे टाकायचे. "जाळानं मासा भाजते, सालेसाहेब. धुरानं तो सुधरते." माझं काम वारा घालायचं. मी वारा घातला की जाळ भडकतो, थांबलो की विस्तव विझतो. म्हणजे शिव्या दोन्हीकडून ठरलेल्या. "तुले सरकारनं एवढी वर्षं पगार कायले देल्ला असन?" असं ते विचारतात, आणि मी पुन्हा वारा घालायला लागतो.

पाक मात्र ते कुणाच्या हाती देत नाहीत. गूळ, चिंच, लसूण, लाल तिखट. आणि घर रंगवायच्या कोऱ्या ब्रशनं तो माशावर असा फिरवतात, जणू दिवाळी उद्यावर आली आहे. पण त्यांना स्वतःला चाखायची सोय नाही, कारण शुगर आहे आणि ताईचा पहारा आहे. म्हणून चाखायला त्यांची एकुलती एक पोरगी, माझी भाची. ब्रश डावीकडे करायचा, तिनं बोट लावायचं, डोळे मिटायचे आणि दर वेळी एकच निकाल द्यायचा, "बाबा, गूळ कमी हाये." गावात कुणाचंच न ऐकणारा हा माणूस मुकाट्यानं आणखी एक खडा टाकायचा.

एका हिवाळ्यात वारं धूर टिकूच देईना. भाऊजींनी खिडकीतून उतरवून ठेवलेला घरचा कूलर उचलून शेतात नेला, आतला पंखा नि गवत काढलं आणि मासा आत टांगला. त्या पत्र्याच्या पेटीतून तो निघाला, तो सोन्याच्या रंगाचा! मग पंखा जागेवर, नवं गवत जागेवर, कूलर जागेवर. ताईला पत्ता नाही.

एप्रिलात भाचीला बघायला कळंबचे पाहुणे आले. मुलगा पुण्यात नोकरीला. "स्थळ हातचं जायला नको," असं ताईनं आम्हा दोघांना सकाळपासून बजावलेलं. पोहे आले, घाम आला, ताई मला म्हणाली, "कूलर लाव रे."

मी लावला, त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच. पहिल्या झुळुकीला धूर आला, दुसरीला लसूण आणि तिसरीला साक्षात मासा. मुलाच्या आईनं पदर नाकाला लावला. भाऊजी छताकडे बघत बसले.

मुलाच्या वडिलांनी छाती भरून श्वास घेतला. "काय लावलं हो याच्यात?"

"खस," भाऊजी म्हणाले.

"खसले लसणाचा वास काहून येऊन राह्यला?"

दाराआडून भाची खदखदून हसली. ताईचा अर्धा जीव गेला. पण मग तो मुलगाही हसला, इतका की त्याच्या हातातले पोहे सांडले. त्याचे वडील म्हणाले, "वासानं तर सांगून टाकलं. आता खाऊ कधी घालता, तेवढं बोला." लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "भाऊजी, कूलर धुवायचा राहिला?"

"राह्यला नाही. ठेवला. आपल्या धुराले नाकं मुरडणाऱ्या घरी पोरगी द्याची नाही मले." मग ते म्हणाले, "अन् मोडलं असतं, तर दोन-चार हिवाळे पाक चाखाले घरीच राह्यली असती."

भाची आता पुण्यात आहे. या हिवाळ्यात शेतात मासा धुरीला लागला, तेव्हा आजवर धुराच्या वाऱ्यालाही उभी न राहिलेली ताई धुऱ्यावर येऊन बसली होती. पाक झाला. भाऊजींनी सवयीनं ब्रश डावीकडे केला, आणि तो तसाच राहिला. मीच घाईघाईनं बोट लावलं.

"मस्त झाला, भाऊजी."

"तुले काय समजते?" ते म्हणाले आणि त्यांनी एक खडा टाकला. मग आणखी एक.

मासा इतका गोड झाला, की माझ्यानं अर्धाही खाववेना. भाऊजींनी मात्र एक मोठा तुकडा ताईच्या समोर बसून सावकाश, बोटं चाटत संपवला. ताईनं सगळं पाहिलं, आणि तोंड तुरीकडे वळवलं.