अर्ज करण्यास कारण की

कोरियातल्या त्या जुन्या सरकारी कचेरीत आम्ही गेलो ते निव्वळ वेळ काढायला. कंपनीकडून मला दोन वर्षांसाठी कोरियाला पाठवायचं घाटत होतं. आधी गाव बघून या, म्हणून आठवडाभर पाठवलं, आणि नवराही रजा काढून सोबत आला. परतल्यावर मला हो की नाही ते कळवायचं होतं.

मला जायचं होतं. चिप बनवणारी यंत्रं मी इतकी वर्षं नेदरलँड्समध्ये बसून लांबूनच सांभाळली. ती जिथे रात्रंदिवस चालतात तिथे एकदा उभं राहायचं होतं. नवऱ्याला काय हवंय ते मात्र कळायला मार्ग नव्हता. नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात रोज विषय निघायचा आणि रोज एकच उत्तर यायचं, "तू म्हणशील तसं."

ऐकायला गोड वाटतं, पण वर्षानुवर्षं ऐकून बघा! पुण्यातली चांगली नोकरी सोडून माझ्यामागे नेदरलँड्सला आला तेव्हाही हेच म्हणाला होता. सोफ्याचा रंग असो नाहीतर भाच्याच्या मुंजीला जायचं का, उत्तर ठरलेलं. माझं डोकं फिरायचं. जो भांडतच नाही त्याच्याशी मिळून काही ठरवायचं तरी कसं?

कचेरी मात्र फार मायेने जपलेली होती. लाल खांब, हिरवी नक्षी काढलेल्या तुळया, पुढे झाडून लख्ख केलेलं अंगण, आणि कमरेइतक्या उंचीवर ओसरीसारखी लाकडी बैठक. फलकावर इंग्रजीत लिहिलं होतं की अधिकारी वर बसायचा आणि गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसं खाली उभी राहायची. बूट काढून वर बसायला पाहुण्यांना परवानगी होती.

"अगं, ही तर मामलेदार कचेरी!" नवरा एकदम खुशीत आला. "चढ वर. तू साहेब."

मी वर जाऊन ऐटीत मांडी घातली. लाकूड उन्हाने कोमट झालं होतं. तो खाली अंगणात हात जोडून, मान खाली घालून उभा राहिला आणि शाळेत आपण सगळ्यांनी घोकलेला अर्ज त्याने खड्या आवाजात सुरू केला. "माननीय महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज. अर्ज करण्यास कारण की..."

आणि थांबला. मला वाटलं, पुढचं विसरला.

"काय कारण?" मी दरडावलं. "लवकर बोला, साहेबांची जेवायची वेळ झालीय."

त्या वाक्याची खोडच अशी आहे, की एकदा 'कारण की' म्हटलं की पुढे कारण सांगावंच लागतं. तिथे 'तू म्हणशील तसं' बसत नाही.

"अर्ज करण्यास कारण की," तो पुन्हा म्हणाला, या वेळी हळू, "अर्जदाराला इकडे यायचं नाहीये." मग अर्जाची भाषा सुटलीच. "युट्रेख्टचा जॉब मिळायला मला किती वर्षं लागली, तुला माहितीय. आत्ता कुठे मी मीटिंगमध्ये डचमध्ये जोक मारतो आणि लोक हसतात. म्युनिसिपालिटीकडून बागेसाठी तो जमिनीचा तुकडा मिळाला, त्यात मेथी यायला लागलीय. मला परत झीरोपासून स्टार्ट नाही करायचं गं. एकदा केलं, आनंदाने केलं. पुन्हा नाही जमणार."

त्याचे हात अजून जोडलेलेच होते, सोडायचं भान राहिलं नव्हतं. मला त्याचा भयंकर राग आला. एवढं साधं बोलायला या माणसाला कोरियापर्यंत यावं लागलं! आणि त्याच क्षणी त्याच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की मला धड त्याच्याकडे बघवेना.

"अर्ज मंजूर," मी म्हणाले.

"खरंच?"

"खरंच. हात सोड आता."

तो बूट काढून वर आला आणि माझ्या शेजारी टेकला. खाली अंगणात एक कोरियन बाई नातवाचा फोटो काढत होती, आणि ते कार्टं काही केल्या सरळ उभं राहत नव्हतं. आम्ही ते बघत बसलो.

"तुला यायचं होतं ना?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले. "फार यायचं होतं."