व्यक्ती ‘अ’ची बेरीज

कोरिन निएमी माझ्याकडे पहिल्यांदा आली ती फेब्रुवारीत. बूट दारात काढले, ओल्या मोज्यांनी आत आली आणि पिवळी फाइल टेबलावर ठेवून म्हणाली, “मिसेस रुओना, तुमची पंधरा तासांची सही लागेल.”

आमच्या गावच्या हायस्कुलात शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प पुरा केल्याशिवाय पोरांना पदवीचा झगा मिळत नाही. तीस पानं लिहायची, गावातल्या कुणा जाणकाराकडे पंधरा तास बसायचं, प्रत्येक तासाची सही घ्यायची आणि मेमध्ये गावातल्याच तीन परीक्षकांपुढे उभं राहून बोलायचं. पोरं बहुतेक करून होडीची डागडुजी करतात, नाहीतर आजीकडून वेलदोड्याचा पाव शिकून घेतात आणि परीक्षकांना खाऊ घालून पास होतात. कोरिनने विषय घेतला होता सायकोपथी. ज्यांना दुसऱ्याचं दुःख पोचत नाही, केल्याचा पस्तावा होत नाही, ती माणसं.

त्यातली जाणकार गावात मी एकटीच. बावीस वर्षं तुरुंगात मी हेच काम केलं. वीस मुद्द्यांची यादी असते. पस्तावा नाही, भावना उथळ, सराईत खोटं बोलणं, असं एकेक. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. बेरीज जास्त भरली की तो माणूस लवकर सुटत नाही. मी काटेकोर होते आणि त्याचा मला अभिमानही होता, उगाच नाही कशाला म्हणू.

पोरगी हुशार होती. सतरा वर्षांची, सरळसोट केसांची, बोलणं एका पट्टीत. जानेवारीत तिचा भाऊ डॅरिन गोठलेल्या तळ्यावर मासेमारीला गेला आणि बर्फ फुटून आत गेला. बावीस वर्षांचा. त्याचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही. शनिवारी दहाला यायची, कॉफी घ्यायची, प्रश्न विचारायची, बरोबर अकराला वही पुढे करायची.

सहाव्या शनिवारी तिने एक भरलेली यादी काढली. वर लिहिलं होतं, ‘व्यक्ती अ, स्त्री, वय सतरा.’ पहिल्याच मुद्द्यापाशी पुरावा लिहिला होता: ‘भावाच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात सगळ्यांना कॉफी ओतली. हॅमचे तीन पाव खाल्ले. रडली नाही. आत्येने पाहिले.’

ते जेवण मीही जेवले होते. हेल्मी आत्या माझ्याच टेबलावर होती. “बघा तरी,” ती म्हणाली होती, कुजबुजत म्हणावं तर अर्ध्या तळघराला ऐकू जाईल अशी. “सख्खा भाऊ गेला, आणि ही खातेय! डोळ्यांत टिपूस नाही. माणूस आहे की मासा?” कोरिन किटली घेऊन आमच्यामागेच उभी होती. तिने आत्याचा कप भरला आणि पुढे गेली.

मी यादी खाली ठेवली. “ही कोण, ते मला कळतंय, कोरिन.”

“नाव गुप्त ठेवायचा नियम आहे,” ती म्हणाली. “बेरीज किती होते तेवढं सांगा.”

“का पण?”

“मला खरंच काही होत नाहीये. काहीच नाही. मी तसली असले तर असले, पण माहीत असायला हवं. मी पुढे नर्सिंगला जाणार होते. असल्या माणसाने जाऊ नये.”

तिला जवळ घ्यायला हवं होतं हे मला आज कळतं. तेव्हा मी कामाचं तेवढं बोलले. माझ्या तोंडाला तीच सवय होती. “माणसाचं स्वतःबद्दलचं बोलणं इथे धरत नाहीत. बाहेरचे साक्षीदार लागतात. कमीत कमी दोन.”

तिने ते लिहून घेतलं.

पुढच्या शनिवारी तिने फोन टेबलावर ठेवला आणि आईची रेकॉर्ड केलेली मुलाखत लावली. आर्लिन निएमी शाळेच्या खाणावळीत काम करते. मागे कपडे झटकल्याचा आवाज येत होता.

“घटनेनंतर व्यक्तीच्या वागण्यात काही बदल?” कोरिनचा आवाज.

“कुठली व्यक्ती गं? तूच ना?”

“आई, उत्तर दे फक्त.”

“बरं बाई. रोज सकाळी सव्वासहाला ती अंगणात जाऊन डॅरिनचा ट्रक चालू करते. दहा मिनिटं. मग बंद करून आत येते नि शाळेला जाते.”

“थंडीत बॅटरी उतरते म्हणून.”

“ते असेल. पण घरात कोण चालवणार आहे तो? मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते ना. सीट अजून त्याने ठेवली तशीच मागे आहे. तुझे पाय पोचत नाहीत खाली. सीटच्या कडेला सरकून बसतेस, लहान पोरीसारखी, पण सीट पुढे घेत नाहीस.” कपडे झटकणं थांबलं. “झालं का? मला पावणेसातला निघायचंय.”

कोरिनने फोन बंद केला. “सीटचा खटका गंजलाय,” ती म्हणाली. “शिवाय आईचं प्रेम आहे. तिची साक्ष अर्धीच धरायला हवी. दुसरा साक्षीदार तुम्ही.”

“मी?”

“तुम्ही तळघरात होतात. मी तुम्हालाही कॉफी दिली, साखर न घालता. आणि तुम्हाला यातलं कळतं.” तिने फोनवर पुन्हा रेकॉर्डिंग चालू करून तो माझ्याकडे सरकवला. “त्या दिवशी व्यक्तीला पाहून तुम्हाला काय वाटलं?”

खोटं बोलता आलं असतं. पण समोर वही उघडून बसलेल्या त्या पोरीशी खोटं बोलायची मला लाज वाटली.

“मनातल्या मनात मी तुला दोन दिले,” मी म्हणाले. “उथळ भावना, दोन. मी अजून पाव चावत होते आणि माझे गुण देऊन झाले होते. सवय.”

तिने ‘२’ लिहिलं. “आणि आता?”

“आता मी ते खोडते. माझं चुकलं होतं.”

“कशावरून?”

“तुझ्या आईने सांगितलं त्यावरून. इतके शनिवार तुला बघतेय त्यावरून. मी घाई केली.”

“मग तुरुंगातल्या लोकांचे?” तिने विचारलं. टोमणा नव्हता त्यात, मला लागावं म्हणून विचारलेलं नव्हतं. संशोधनात येतो तसा पुढचा प्रश्न होता. “त्यांचेही तुम्ही एकदा बघूनच द्यायचात का?”

कागद वाचायचो, नातेवाइकांना विचारायचो, नियमाने चालायचं सगळं, असं सांगायला मी तोंड उघडलं. आणि मला आठवलं की कितीतरी जणांचे आकडे माझ्या मनात दारातून आत येतानाच ठरलेले असायचे. कागद मी नंतर वाचायचे, आणि त्यात मला हवं तेच सापडायचं. मी गप्प बसले. फोन चालूच होता.

अकरा वाजले तशी तिने वही पुढे केली आणि मी सही केली.

मेमध्ये शाळेच्या वाचनालयात तिची परीक्षा झाली. परीक्षक तिघं: अंत्यविधी सांभाळणारे मिस्टर प्रेंटिस, पतपेढीची एक बाई आणि खेळाचे निवृत्त मास्तर. मी मागच्या खुर्चीत होते. कोरिन न अडखळता वीस मिनिटं बोलली. शेवटी व्यक्ती ‘अ’ची यादी भिंतीवर दाखवली. बेरजेची चौकट कोरी होती.

“इथे आकडा का नाही?” मास्तरांनी विचारलं.

“साक्षीदार दोन होते, सर. पहिल्या साक्षीदाराचं व्यक्तीवर प्रेम आहे. दुसऱ्याने आधी दोन गुण दिले, मग खोडले. पूर्वी दिलेल्या गुणांबद्दल विचारल्यावर तो साक्षीदार चाळीस सेकंद काही बोलला नाही. मी मोजलं. म्हणून बेरीज केली नाही.”

पतपेढीच्या बाईने वळून माझ्याकडे पाहिलं. मिस्टर प्रेंटिस टेबलाकडे बघत राहिले. शवपेटीत ठेवताना डॅरिनला त्यांनीच कोट चढवला होता.

गुण ठरेपर्यंत आम्हाला बाहेर बसवलं. शाळेचा कॉरिडॉर रिकामा होता, फरशी नुकती पुसलेली. कोरिन माझ्या शेजारी बसली, फाइल मांडीवर घेऊन.

“तुम्हाला राग आला?”

“नाही.”

“एक राहिलंय विचारायचं. प्रकल्पासाठी नाही.” ती समोरच्या कपाटांकडे बघत होती. “ते चाळीस सेकंद तुम्ही गप्प होतात ना, तेव्हा तुम्हाला काय होत होतं?”

मी खरंच आठवून पाहिलं. पस्तावा म्हणावा तर तो नंतर आला, पुढच्या आठवड्यात, भांडी घासताना, आणि अजून येतो. त्या वेळी मात्र मला फ्रिजचा आवाज ऐकू येत होता, बाकी काही नाही.

“काही नाही,” मी म्हणाले. “काहीच होत नव्हतं.”

ती माझ्याकडे वळली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

“हां,” ती म्हणाली. “तेच. माझे ते चाळीस सेकंद अजून संपले नाहीत.”