मागल्या दाराची कडी

भावोजी गेल्याचा निरोप ताईच्या शेजारणीने वाशीला माझ्या ऑफिसात फोन करून दिला. हार्टअटॅक, म्हणाली. मी पहिला प्रश्न विचारला, "नक्की तेच ना?" जन्माची संशयी मी… मरणाचीही खात्री करून घेणारी.

भावोजींवर तर मला लग्नापासूनच संशय. नोकरी न्हावा शेव्याच्या बंदरात, घर दिवाळे गावच्या कोळीवाड्यात. सुट्टीच्या दिवशी हे गृहस्थ परसात जायचे, मागल्या दाराला पलीकडून कडी घालायचे आणि चारी बाजूंनी उघड्या पत्र्याखाली चुलीशी वाऱ्याला पाठ करून बसायचे. जाळ्यांच्या वजनांसाठी भंगारातलं शिसं वितळवायचं, वरची मळी काढायची आणि साच्यात ओतून लगडी पाडायच्या. साचा आधी चुलीपाशी तापवलेला, म्हणून लगडी दृष्ट लागावी अशा गुळगुळीत. ताईला मात्र तिकडे फिरकायची बंदी. काम आटोपलं की तिथेच अंग घासून आंघोळ, कपडे बदलूनच घरात पाऊल. "स्वतःच्या घरात न्हाऊनमाखून कोण शिरतं गं?" मी विचारायची. ताई हसायची. मला काही हसू येत नसे.

ताईला सातवा महिना होता. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, जाळी तयार व्हायची होती. हंगामाचं पहिलं शिसं म्हणून आमची आई हौसेने नारळ घेऊन निघाली. दाराला कडी, म्हणून घराला वळसा घालून परसात गेली. शिसं पातळ झालेलं. आईने चुलीच्या दगडावर नारळ फोडायला हात उचलला आणि भावोजींनी तिला मागे ढकललं. "भाईर व्हा! पयले भाईर व्हा!" आई चिखलात पडली. जावयाने सासूच्या अंगावर हात टाकला! त्याच दिवशी मी ताईला माहेरी आणलं. बाळंतपणानंतरही पाठवायची नाही, असं ठणकावलं. ताई रडत राहिली, पण माझं ठरलं होतं… हा माणूस काहीतरी लपवतो.

आणि लपवतच होते. काही दिवसांनी आले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"माजे बापसानं असाच नारल फोडला व्हता," आईकडे बघत म्हणाले. "तापल्या शिशात पान्याचा थेंब गेला का सगला उडतं. दोनी डोले गेले त्याचे. तापानं गेले, असा सांगतो मी लोकांना. देवाच्या नारलानं आंधला झाला, ह्या कोनाला सांगू?"

"आणि ती आंघोळ?" मी सोडते थोडीच!

"शिशाची धूल ऱ्हाते अंगावर. पोटात पोर हाय तिच्या."

आई उठली. आत जाऊन ताईची पिशवी भरू लागली. मी मात्र दिवाळ्यातल्या एका म्हातारीला गाठून सगळं खरं असल्याची खात्री केली, तेव्हा कुठे झोप लागली. माणूस खरा होता… फार खरा. हे त्यांना तोंडावर सांगायचं राहूनच गेलं.

परवा आई आणि मी ताईकडे होतो. तिची लेक शाळेत गेली होती. आईने भांडी घासली आणि ती परसाकडे निघाली. मागल्या दारात थबकली. पदराने एकेक बोट कोरडं करत बसली.

"आई, चूल कधीचीच थंड आहे गं," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली. "जावईबापूंचा पाण्यावर विश्वास नव्हता."