बाळ मोठं होईल

‘लोहाच्या गोळ्या घ्या, बाळ मोठं होईल.’ नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकच्या भाजीबाजारात मी हे पत्रक वाटत होते. ओळ माझीच. गरोदर बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं. एवढं सगळं मी एका वाक्यात बसवलं, याचा मला अभिमान होता. वहिनीला सातवा महिना लागला होता. पहिलं पत्रक मी तिच्याच हातात दिलं.

महिन्याने तिच्याबरोबर तपासणीला गेले. आठ असलेलं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं.

‘गोळ्या घेतेस ना?’ सिस्टरांनी विचारलं.

‘रोज घेते.’

‘शी काळी होते?’

वहिनीने पदर तोंडाला लावला. ‘नाय बाई. नेहमीसारखीच.’

‘लोहाने काळी होते. मग गोळ्या कोण खातं, तुमची म्हैस?’

रांगेतल्या बाया खदखदून हसल्या. मी संतापले. बाहेर पायरीवरच तिला धरलं. ‘वहिनी, खोटं का बोललीस?’

‘झेंडूच्या वाफ्यात पुरते मी त्या,’ ती म्हणाली. ‘वन्सं, तुम्हीच लिहिलंय ना, बाळ मोठं होतं म्हणून? माझी थोरली बहीण त्यानंच गेली. लय मोठं होतं, अडलं. त्र्यंबकच्या रस्त्यावर, जीपमध्येच. मला लहानच पाहिजे.’

घरातल्यांचा धाक, अंधश्रद्धा, सरकार, कुणालाही झोडपायला मी तयार होते. पण हिने माझंच वाक्य अक्षर न अक्षर वाचलं होतं. आणि बाजारातल्या बाकीच्या बायांनी?

मी सांगत सुटले. गोळ्यांनी बाळ अडण्याइतकं वाढत नाही, रक्त कमी असलं तर बाळंतपणात तुझ्याच जिवाला धोका आहे. तिने मान हलवली. सिस्टरांपुढेही तशीच हलवत असे. त्या दिवसापासून मी समोर उभी राहून तिला गोळी गिळायला लावू लागले. पण तीन आठवड्यांतच, दिवस भरायच्या आत, कळा सुरू झाल्या.

मुलगी झाली. वहिनीला रक्ताची बाटली लावली होती, ओठ पांढरेफटक पडले होते. तिने खुणेने मला जवळ बोलावलं.

‘किती भरली?’

‘पावणेदोन किलो,’ मी म्हणाले.

ती हसली. ‘बघा वन्सं. अडली नाय.’